आयलीन फॅरल : एक गळा, दोन विद्या

गळा हें निसर्गाचें देणें, परंतु गाणें ही शिकण्याची विद्या. एका विद्येंत मुरलेला गळा दुसऱ्या विद्येकडे वळूं लागला, कीं दोन प्रकारचे टीकाकार उभे राहतात. पहिले म्हणतात, याची इभ्रत गेली. दुसरे म्हणतात, याला आमचें गाणें साधलेंच नाहीं. ख्यालाच्या गवयानें नाटकाच्या पदाला हात घातला, तर आपल्याकडेहि हे दोन्ही सूर ऐकूं येतात. पाश्चात्य देशांत ही दरी याहून रुंद आहे. तेथें ऑपेराचें गाणें आणि जाझच्या वळणाचें लोकप्रिय गीत यांच्या शाळा वेगळ्या, रंगमंदिरें वेगळीं, श्रोते वेगळे आणि मुख्य म्हणजे आवाज काढण्याची रीतच वेगळी. ज्या थोड्या कलावंतांनीं ही दरी यशस्वीपणें ओलांडली, त्यांत अमेरिकन गायिका आयलीन फॅरल यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. इ. स. १९२० ते २००२ हा त्यांचा जीवनकाल. १९६० सालीं त्यांनीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरांत पहिलें पाऊल टाकलें, आणि त्याच वर्षीं त्यांच्या लोकप्रिय गीतांची तबकडीहि बाजारांत आली. या दोन गोष्टी एकाच वर्षीं एकाच गायिकेच्या हातून कशा घडल्या, हें समजून घेण्यासारखें आहे. कारण अवघ्या सात वर्षांपूर्वीं त्याच रंगमंदिरांतील एका थोर गायिकेला अशाच आवडीपायीं आपली जागा गमवावी लागली होती.

प्रथम या लोकप्रिय गीतांची ओळख करून घेणें इष्ट होईल. जाझ हें संगीत अमेरिकेच्या न्यू ऑर्लीन्स शहरीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं, कृष्णवर्णीय समाजांत जन्मास आलें. पुढें १९२० पासून १९५० पर्यंतच्या तीस वर्षांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील संगीत नाटकांसाठीं आणि बोलपटांसाठीं हजारों गीतें रचलीं गेलीं. जेरोम कर्न, अर्व्हिंग बर्लिन, जॉर्ज गर्शविन, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स, हॅरल्ड आर्लेन हे त्यांचे नामांकित रचनाकार होत. बत्तीस मात्राखंडांचें गीत, त्याचे आठ-आठ खंडांचे चार भाग. पहिला भाग दोनदां, मग निराळ्या वळणाचा तिसरा, आणि शेवटीं पुन्हां पहिला, असा या गीतांचा नेहमींचा बांधा. अस्थाई दोनदां घेऊन अंतऱ्यावर जावें आणि परत अस्थाईवर यावें, तसाच हा प्रकार. नाटकें विस्मरणांत गेलीं, परंतु त्यांतील निवडक गीतें जाझच्या वादकांनीं आणि गायकांनीं उचललीं. एकच गीत प्रत्येकानें आपल्या लयीनें व आपल्या अलंकारांनीं नवें करावें, अशी चाल पडली. अशा टिकून राहिलेल्या गीतांस ‘स्टँडर्ड’ म्हणजे सर्वमान्य गीतें असें नांव मिळालें.

हें संगीत मुंबईसहि अपरिचित नव्हतें. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलांत वाजूं लागला, आणि त्यानंतर गोव्याहून आलेल्या अनेक वादकांनीं ही विद्या आत्मसात् केली. ते मूळचे चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकलेले. सकाळीं चर्चचें संगीत आणि रात्रीं जाझ, हें त्यांना अवघड वाटलें नाहीं. परंतु वादकाची गोष्ट निराळी. व्हायोलिन खालीं ठेवून त्याला सॅक्सोफोन हातीं घेतां येतो. गायकाला आपला गळा खुंटीस टांगून दुसरा लावतां येत नाहीं. म्हणून गायकाचें सीमोल्लंघन हें वादकाच्या सीमोल्लंघनापेक्षां किती तरी अधिक अवघड असतें.

ही अडचण नेमकी कशांत आहे, तें पाहूं. जुन्या मेट्रोपॉलिटन रंगमंदिरांत सुमारें साडेतीन हजार प्रेक्षक बसत. गायिका आणि प्रेक्षक यांच्या मध्यें ऐंशी-नव्वद वाद्यांचा वृंद. मायक्रोफोन नाहीं. एकट्या गळ्यानें त्या सर्व वाद्यांवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावयाचें. यासाठीं उंच स्वराची गायिका एक युक्ति शिकते. सूर जसजसा चढतो, तसतसा ती जबडा अधिक उघडते, आणि मुखाच्या पोकळीचा नाद त्या सुराशीं जुळवून घेते. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनीं १९७० नंतरच्या दशकांत मोजमाप करून ही गोष्ट दाखवून दिली आहे. या युक्तीनें आवाज श्रमाशिवाय बळावतो. परंतु तिची किंमत शब्दांना द्यावी लागते. तारस्वरांत ‘इ’ काय किंवा ‘उ’ काय, दोन्ही ‘आ’कडे झुकतात, आणि गाण्याचे बोल ओळखेनासे होतात. ऑपेरांत हें चालून जातें, कारण तेथें सुराचें राज्य असतें.

लोकप्रिय गीतांत राज्य शब्दांचें. १९२५ सालीं विद्युत्पद्धतीचें ध्वनिमुद्रण सुरू झालें आणि मायक्रोफोन गायकाच्या ओठांशीं आला. आतां कुजबूज देखील हजारों घरांत ऐकूं जाऊं लागली. मोठा आवाज हा गुण न राहतां उलट अडथळा ठरूं लागला. समोर बसलेल्या एकाच माणसाशीं बोलावें, तसें गाणें या नव्या विद्येला हवें होतें. त्यासाठीं पट्टी बोलण्याच्या पट्टीजवळची, म्हणजे खालची. कंप सतत नव्हे, तर सुराच्या शेवटीं थोडासा. आणि शब्द तालाच्या ठोक्यावर नेमका न टाकतां किंचित् मागें रेंगाळत टाकावयाचा. ऑपेराच्या गायिकेनें वर्षानुवर्षें जें जें कमावलें, तें तें सर्व या दारापाशीं उतरवून ठेवावें लागतें. बहुतेकांना तें साधत नाहीं. तीं गीतें त्या गातात, पण गीतापेक्षां गळाच मोठा होऊन बसतो.

तथापि हा प्रयत्न करणाऱ्या फॅरलबाई पहिल्या नव्हत्या. त्यांच्या जन्मानंतर तीनच वर्षांनीं, १ नोव्हेंबर १९२३ रोजीं, न्यूयॉर्कच्या एओलियन सभागृहांत कॅनडाच्या गायिका इव्हा गोतिए यांनीं एक धाडसी जलसा केला. जुन्या आणि नव्या संगीताचा असा तो जलसा होता. त्यांत पर्सेल व बेलिनी यांच्यासारखे जुने आचार्य होते. बार्टोक व शोनबर्ग यांच्यासारखे नवे होते. आणि त्यांच्याच पंक्तीला सहा अमेरिकन लोकप्रिय गीतें बसविलीं होतीं. या गीतांच्या वेळीं पियानोवर पंचवीस वर्षांचे जॉर्ज गर्शविन येऊन बसले. प्रतिष्ठित श्रोत्यांनीं नाक मुरडण्याऐवजीं टाळ्या दिल्या, आणि गर्शविनचें आणखी एक गीत मागून घेतलें. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आंत, १२ फेब्रुवारी १९२४ रोजीं, त्याच सभागृहांत गर्शविनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ ही प्रसिद्ध रचना प्रथम वाजली. गोतिएबाईंनीं दार उघडलें खरें. पण त्यांच्या जलशांत ही गीतें पाहुणी म्हणून आलीं होतीं. जलसा शास्त्रीय संगीताचा, सभागृह शास्त्रीय संगीताचें, आणि गळाहि त्याच वळणाचा. त्यांनीं गीतांना आपल्या घरीं बोलाविलें. स्वतः त्यांच्या घरीं त्या राहावयास गेल्या नाहींत.

दुसरें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. हेलन ट्राउबेल या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या अग्रगण्य गायिका. १९४१ नंतर, नॉर्वेच्या कर्स्टन फ्लागस्टाड स्वदेशीं परतल्यावर, वाग्नरच्या संगीत नाटकांतील मोठ्या भूमिकांचा भार मुख्यत्वें त्यांच्यावर होता. १९५३ सालीं त्या रात्रीच्या विलासगृहांतून लोकप्रिय गीतें गाऊं लागल्या. १९५० पासून रुडॉल्फ बिंग हे व्हिएन्नांत जन्मलेले गृहस्थ मेट्रोपॉलिटनचे सूत्रधार होते. त्यांना ही गोष्ट संस्थेच्या प्रतिष्ठेस बाधक वाटली, आणि त्यांनीं आपली नापसंती पत्रानें कळविली. ट्राउबेलबाई माघार घेणाऱ्या नव्हत्या. आपल्या देशाच्या गीतांत कमीपणा कसला, असा त्यांचा रोख होता, आणि हें भांडण वृत्तपत्रांपर्यंत गेलें. परिणाम असा झाला, कीं त्यांचा करार पुन्हां झाला नाहीं. त्या पुढें नाटकांत व चित्रपटांत गेल्या. १९५५ सालीं रॉजर्स व हॅमरस्टाइन यांच्या ‘पाइप ड्रीम’ या संगीत नाटकांत त्यांनीं भूमिका केली. परंतु ऑपेराचें दार त्यांना बंद झालें तें झालेंच. एका हातानें जाझ आणि दुसऱ्या हातानें वाग्नर धरतां येणार नाहीं, हा निर्णय त्या वेळीं जणूं कायमचा ठरला.

अशा परिस्थितींत आयलीन फॅरल पुढें आल्या. त्यांच्या यशाचें मूळ त्यांच्या बालपणांत आणि त्याहूनहि अधिक त्यांच्या पहिल्या नोकरींत आहे. १३ फेब्रुवारी १९२० रोजीं कनेक्टिकट संस्थानांतील विलिमँटिक या गांवीं त्यांचा जन्म झाला. आईबाप दोघेहि व्हॉडव्हिल नांवाच्या मिश्र करमणुकीच्या खेळांत गाणारे. ‘सिंगिंग ओफॅरल्स’ या नांवानें तें जोडपें रंगमंचावर येत असे. आई हीच मुलीची पहिली शिक्षिका. ज्या घरांत पोटासाठीं सर्व प्रकारचें गाणें गाइलें जातें, त्या घरांत उंच गाणें आणि हलकें गाणें असा भेद मुलांच्या मनांत रुजत नाहीं. पुढें न्यूयॉर्कमध्यें मर्ल ऑल्कॉक या मेट्रोपॉलिटनच्या पूर्वीच्या गायिकेकडे, आणि नंतर एलेनॉर मॅक्लेलन यांच्याकडे त्यांनीं रीतसर शिक्षण घेतलें. आवाज मोठा, भरदार आणि तिन्ही सप्तकांत सारखा होता.

अशा आवाजाची मुलगी सामान्यतः ऑपेराच्या मार्गाला लागते. फॅरल लागल्या त्या नभोवाणीच्या मार्गाला. १९४० सालीं कोलंबिया नभोवाणीच्या वृंदगायनांत त्यांना जागा मिळाली, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या स्वतःच्या नांवाचा कार्यक्रम सुरू झाला. वय अवघें एकवीस. पुढें कित्येक वर्षें हा कार्यक्रम चालू होता. रंगमंचाचा अनुभव येण्यापूर्वींच त्यांना मायक्रोफोनचा अनुभव आला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नभोवाणीची नोकरी म्हणजे घड्याळाची नोकरी. ठरलेल्या मिनिटाला उभें राहावयाचें, नवी स्वरलिपि समोर आली कीं ती वाचून गावयाची, आणि श्रोते दिसत नसतांना ते समोर बसले आहेत असें समजून गावयाचें. मायक्रोफोनपासून किती अंतरावर उभें राहिलें असतां आवाज फुटतो, किती जवळ गेलें असतां श्वासहि ऐकूं जातो, कोणता शब्द दाबावा व कोणता सोडावा, हें ज्ञान कोणत्याहि ऑपेराच्या विद्यालयांत मिळण्याजोगें नव्हतें. तें फॅरलबाईंच्या अंगीं उमेदवारीच्या वर्षांतच मुरलें. दोन विद्यांच्या मध्यें जो पूल लागतो, तो त्यांना नभोवाणीनें बांधून दिला.

१९४६ सालीं न्यूयॉर्कच्या पोलीस दलांतील रॉबर्ट रेगन यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. स्टेटन बेटावर घर, दोन मुलें, आणि त्या घराला धरून आंखलेला व्यवसाय अशी त्यांची राहणी होती. ऑपेराच्या गायिकेला महिनेच्या महिने तालमी आणि परगांवचा मुक्काम चुकत नाहीं. जलसे, नभोवाणी आणि ध्वनिमुद्रण यांत घरीं परत येतां येतें. म्हणून कीर्ति मिळूनहि त्या ऑपेराच्या मागें धांवल्या नाहींत. १९५१ सालीं मित्रोपूलस यांच्या दिग्दर्शनाखालीं आल्बान बर्ग यांच्या ‘व्होझेक’ या अत्यंत अवघड रचनेंतील मारी त्यांनीं जलशाच्या स्वरूपांत गाइली. १९५२ सालीं टोस्कानिनी यांनीं बेथोव्हेनची नववी सिंफनी ध्वनिमुद्रित केली, तीत उंच स्वराचा भाग त्यांचा आहे. बाखच्या गीतांना वाहिलेल्या एका मंडळींतहि त्या गात असत. १९५५ च्या ‘इंटरप्टेड मेलडी’ या चित्रपटांत पडद्यावर दिसतात त्या एलेनॉर पार्कर, पण गातात त्या फॅरलबाई. ऑपेराच्या रंगभूमीवर वेष करून त्या प्रथम उभ्या राहिल्या त्या १९५६ सालीं, फ्लॉरिडांतील टँपा येथें. त्या वेळीं त्यांना छत्तीस वर्षें झालीं होतीं.

यानंतर तीन वर्षांनीं इटलींत एक योगायोग घडून आला. स्पोलेटो या डोंगरी गांवीं संगीतकार मेनोत्ती यांनीं १९५८ पासून उन्हाळ्यांत कलामहोत्सव सुरू केला होता. १९५९ च्या महोत्सवांत व्हर्दीच्या ‘रेक्विएम’साठीं फॅरलबाई गेल्या होत्या. त्याच वेळीं जाझचे थोर तुतारीवादक लुई आर्मस्ट्राँग तेथें आले होते. जून महिन्यांत आर्मस्ट्राँग एकाएकीं आजारी पडून रुग्णालयांत गेले. कार्यक्रम ठरलेला, साथीदार तयार, आणि मुख्य माणूस नाहीं. अशा वेळीं फॅरलबाईंनीं आर्मस्ट्राँग यांच्याच साथीदारांबरोबर उभें राहून जाझची गीतें गाइलीं. ‘रेक्विएम’ म्हणजे मृतांच्या आत्म्यासाठीं केलेली प्रार्थना. त्या प्रार्थनेनंतर थोड्याच दिवसांत त्याच गळ्यांतून जाझची खुशाल लय निघालेली पाहून लोक चकित झाले. त्यांना ही वार्ता नवी होती. नभोवाणीचा इतिहास ज्यांना ठाऊक होता, त्यांना आश्चर्य वाटण्याचें कारण नव्हतें.

पुढल्याच वर्षीं कोलंबिया कंपनीनें त्यांची ‘आय हॅव गॉट अ राइट टु सिंग द ब्लूज’ ही तबकडी काढली. नांवाचा अर्थ, दुःखाचीं गाणीं गाण्याचा मला हक्क आहे. मूळ गीत १९३२ सालचें, हॅरल्ड आर्लेन यांचें. परंतु ऑपेराच्या गायिकेच्या तबकडीवर हें नांव छापलें गेलें तेव्हां त्यास एक निराळाच अर्थ आला. वाद्यवृंदाची रचना ल्यूथर हेंडरसन यांची होती. हे कृष्णवर्णीय संगीतज्ञ जुलियार्ड या नामांकित संगीतशाळेंत शिकले होते आणि जाझचे आचार्य ड्यूक एलिंग्टन यांच्याबरोबर त्यांनीं पुष्कळ काम केलें होतें. म्हणजे गायिकेप्रमाणें रचनाकारहि दोन्ही तीरांवर राहिलेले होते.

या तबकडींतील गाणें ऐकलें म्हणजे पहिली गोष्ट ध्यानांत येते ती पट्टीची. ऑपेरांत फॅरलबाईंचा गळा ज्या उंचीवर वावरे, त्याहून किती तरी खालीं उतरून त्या ही गीतें गातात. तेथें छातींतून येणारा, बोलण्याच्या जवळचा आवाज आहे. मोठा आवाज दाखविण्याचा मोह कोठेंहि दिसत नाहीं. तो मागें कोठें तरी आहे, एवढें मात्र जाणवत राहतें. शब्द स्वच्छ, आणि तालाशीं थोडें लपंडाव खेळणारे. कंप अगदीं जपून. ज्याच्या घरीं धनाची रास आहे, त्यानें बाजारांत चार आणेच खर्च करावे, तशी ही काटकसर आहे. नवशिक्याजवळ जें नसतें, तें तो दाखवूं शकत नाहीं; परंतु ज्याच्याजवळ आहे, त्यानें न दाखविणें हें अधिक कठीण. त्यांच्या सीमोल्लंघनाचें रहस्य या संयमांत आहे. दुसऱ्या विद्येचे नियम त्यांनीं पाहुणेपणानें नव्हे, तर घरच्या माणसाप्रमाणें पाळले.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ६ डिसेंबर १९६० रोजीं, मेट्रोपॉलिटनच्या रंगभूमीवर ग्लुकच्या ‘आल्सेस्ट’ या संगीत नाटकाच्या नायिकेच्या रूपानें त्या अवतरल्या. वय चाळीस. सूत्रधार तेच रुडॉल्फ बिंग, ज्यांनीं सात वर्षांपूर्वीं ट्राउबेलबाईंना विरोध केला होता. येथें काळाचा फरक दिसून येतो. १९४८ पासून दीर्घ तबकडी निघाली होती, आणि एकाच घरांत बेथोव्हेन व जाझ या दोहोंच्या तबकड्या एकाच कपाटांत राहूं लागल्या होत्या. शिवाय ट्राउबेलबाई मेट्रोपॉलिटनच्या गायिका म्हणून विलासगृहांत गेल्या. फॅरलबाई मात्र ध्वनिमुद्रणाच्या खोलींत मायक्रोफोनपुढें उभ्या होत्या. आणि सर्वांत महत्त्वाचें असें, कीं जलसे, नभोवाणी व तबकड्या यांच्या जोरावर त्यांचा चरितार्थ व कीर्ति आधींच उभी राहिली होती. जो दारांत याचक म्हणून उभा नाहीं, त्याला अटी घालणें कठीण जातें.

तरीहि त्यांना किंमत द्यावी लागली नाहीं असें नाहीं. बिंग आणि फॅरलबाई यांचें सूत कधीं नीट जमलें नाहीं. १९६२ चा हंगाम त्यांच्या भूमिकेनें उघडला, एवढा मान त्यांना मिळाला. परंतु १९६६ सालीं मेट्रोपॉलिटनशीं त्यांचा संबंध संपला. वाग्नरचें गाणें जणूं या गळ्यासाठींच लिहिलें आहे, असें जाणकार म्हणत. लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या साथीनें ध्वनिमुद्रित केलेल्या वाग्नरच्या गायनास १९६३ सालीं ग्रॅमी पारितोषिकहि मिळालें. परंतु मेट्रोपॉलिटनच्या रंगभूमीवर वाग्नरची एकहि भूमिका त्यांनीं केली नाहीं. ऑपेराच्या रसिकांच्या मनांत ही हळहळ राहिली. घर, जलसे आणि दुसरी विद्या यांना दिलेला वेळ कोठून तरी वजा व्हावयाचाच; तो येथून वजा झाला.

मधल्या काळांत त्या दुसऱ्या विद्येंत अधिक खोल उतरल्या. १९६२ सालीं आंद्रे प्रेव्हिन यांच्याबरोबर त्यांची एक तबकडी निघाली. बर्लिनमध्यें जन्मलेले प्रेव्हिन त्या वेळीं जाझचे पियानोवादक आणि चित्रपटांचे संगीतकार म्हणून गाजत होते, आणि सहा वर्षांनीं लंडन सिंफनी वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. १९७१ पासून १९८० पर्यंत फॅरलबाई इंडियाना विद्यापीठांत गायनाच्या प्राध्यापिका होत्या. पुढें मेन विद्यापीठांतहि त्यांनीं कांहीं काळ शिकविलें. १९७६ सालीं त्या पुन्हां नभोवाणीवर आल्या. अमेरिकन लोकप्रिय गीतांवर ग्रंथ लिहिणारे संगीतकार ॲलेक वाइल्डर यांनीं सार्वजनिक नभोवाणीवर त्या गीतांची व्याख्यानमाला चालविली. पियानोवर लूनिस मॅग्लोहन असत. त्या मालेंत फॅरलबाई गाइल्या, आणि यांतूनच त्यांच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय निघाला.

या अध्यायाची हकीकत विशेष हृद्य आहे. उंच स्वराच्या गळ्याला साठीनंतर तारस्वर दुष्प्राप्य होतात. श्वासाचा सांठा कमी होतो, कंप सैल पडतो, आणि साडेतीन हजार माणसांच्या सभागृहांत गाणें हें साहस ठरतें. बहुतेक गायिकांची कारकीर्द येथें संपते. फॅरलबाईंची येथें नव्यानें सुरू झाली. १९८६ सालीं पति निवर्तल्यानंतरच्या वर्षांत, अडुसष्टाव्या वर्षाच्या पुढें, त्यांनीं मॅग्लोहन यांच्या साथीनें तबकड्यांची एक मालाच काढली. एक आर्लेनच्या गीतांची, एक रॉजर्स व हार्ट यांच्या गीतांची, एक विरहगीतांची, एक वाइल्डरच्या गीतांची. खालची पट्टी, जवळचा मायक्रोफोन आणि शब्दांवरचा भर यांच्या आश्रयानें तो गळा वृद्धपणींहि उभा राहिला. प्रेमभंगाचें आणि एकटेपणाचें गीत विशीच्या गायिकेच्या तोंडीं नाट्य वाटतें. सत्तरीच्या तोंडीं तें अनुभव वाटतो. जी विद्या ऑपेराच्या भक्तांना हलकी वाटत होती, तिनेंच त्यांना म्हातारपणीं सांभाळलें. १९९९ सालीं त्यांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें आणि २३ मार्च २००२ रोजीं, वयाच्या ब्यायशीव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मागून अनेक ऑपेरा-गायिकांनीं हा मार्ग धरला. न्यूझीलंडच्या किरी ते कानावा यांनीं १९८५ सालीं नेल्सन रिडल यांच्या वाद्यवृंदाबरोबर सर्वमान्य गीतांची तबकडी केली. तींतील सूर अत्यंत मधुर आहे, पण तो ऑपेराचाच सूर आहे. आज अशा तबकड्यांचें कोणास नवल वाटत नाहीं, आणि त्यांच्यावरून कोणाची जागाहि जात नाहीं. परंतु परवानगी मिळणें आणि विद्या साधणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी काळानें दिली. विद्या मात्र प्रत्येकीला नव्यानेंच मिळवावी लागते.

कलेच्या क्षेत्रांत उच्चनीचतेचा वाद फार जुना आहे, आणि तो वादानें सुटलेला नाहीं. फॅरलबाईंनीं त्यावर व्याख्यान दिलें नाहीं. त्यांनीं बाखपुढें उभें राहतांना जी तयारी केली, तीच आर्लेनपुढें उभें राहतांना केली. लोकप्रिय गीत सोपें आहे, तें आपल्याला सहज जमेल, अशा समजुतीनें जो मोठा कलावंत त्याच्याकडे वळतो, त्याला तें गीत जमत नाहीं. त्याच्याकडे शिष्य म्हणून जावें लागतें. विसाव्या वर्षीं नभोवाणीच्या खोलींत, न दिसणाऱ्या श्रोत्यांपुढें, एक तरुण मुलगी अशी शिष्य झाली होती. मेट्रोपॉलिटनची कीर्ति मिळाल्यावरहि तिनें तें शिष्यपण सोडलें नाहीं. तिच्या दोन्ही प्रकारच्या तबकड्या आज उपलब्ध आहेत. नांव न सांगतां त्या एकामागून एक लावल्या, तर ऐकणारा बहुधा दोन निरनिराळ्या गायिकांचीं नांवें विचारील.